गाडी पॉलाला, पट्टी कार्माइनला

मी, आयरीन हुडाक, कै. अँड्र्यू हुडाक यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार हार्लन स्ट्रीट, साउथ साइड स्लोप्स, पिट्सबर्ग, राज्य पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाच्या झडपेबद्दल तसे म्हणता येत नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टर ती बदलणार आहेत, म्हणून हे काम आज उरकते आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. तसा प्रयत्न ज्यांनी पूर्वी केला, त्यांना विचारले तर हे खरे वाटेल. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते अँडी गेला त्या महिन्यात लिहिले होते आणि त्यात नुसते 'सर्व काही मुलीला' एवढेच होते. तेव्हा मला त्याहून जास्त काही सुचत नव्हते.

कलम १. माझ्यामागे सगळी व्यवस्था लिरॉय टिब्ज याने पाहावी. अँडीच्या, ट्रान्समिशन म्हणजे गिअरबॉक्स दुरुस्तीच्या, गॅरेजमध्ये त्याने वर्षानुवर्षे गाड्या उचलायच्या शेजारच्या लिफ्टवर काम केले आणि आता त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. त्याने हे लिखाण पॉलाला मोठ्याने वाचून दाखवावे. ती मध्येच उठून जाऊ लागली तर दार अडवावे. लिरॉय अंगाने तेवढा भरीव आहे.

कलम २. घर, त्यातील सामानासह, माझी मुलगी पॉला हुडाक, हल्ली राहणार कोलंबस, ओहायो, हिला द्यावे. तळघराच्या जिन्याचा कठडा डावीकडून हलतो, उजवीकडे हात ठेवून उतरावे. घर विकायचे की राहायचे हे तिचे तिने ठरवावे. मात्र सहावे कलम संपेपर्यंत ठरवू नये.

कलम ३. बँकेत जे आहे त्यातून आधी माझे दफन, मग टेकडीखालच्या आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराला एक नवी शेगडी, आणि उरेल ते पॉलाला. शेगडी चांगली मोठी घ्यावी. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी पिरोही, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, विकायला काढतात, तेव्हा बाहेर रांग रस्त्यापर्यंत जाते आणि आत एका भांड्यात पाणी उकळायची वाट बघत आम्ही बायका एकमेकींची उणीदुणी काढत बसतो. शेगडी मोठी असेल तर निदान तेवढे पाप कमी होईल.

कलम ४. अँडीची हत्यारे, तळघरातल्या लाल कपाटासह, लिरॉयला. यातून एक वस्तू वगळली आहे, ती पुढच्या कलमात.

कलम ५. लांब मानेचे, तेल ओतायचे लाल फनेल माझा दीर स्टीव्ह हुडाक याला द्यावे. स्टीव्हने एकदा आमच्या जुन्या स्टेशन वॅगनच्या गिअरबॉक्सच्या नळीत इंजिनचे तेल ओतले. गाडी नदीपर्यंत गेली आणि तिथून ओढत आणावी लागली. अँडीने त्याला एवढेच विचारले, "अरे, दोन्ही तेलं वेगळी असतात, हे ट्रान्समिशनवाल्याचा भाऊ असून तुला ठाऊक नाही?" त्यावर स्टीव्ह म्हणाला, "नळ्या सारख्याच दिसतात, त्याला मी काय करू?" आजही ख्रिसमसच्या जेवणाला तो हेच म्हणतो. स्टीव्ह, नळ्या सारख्या दिसत नाहीत. फनेल भिंतीवर टांगून ठेव आणि रोज बघ. बाकी माझा तुझ्यावर काही राग नाही.

कलम ६. आता गाडी.

माझी १९९४ सालची निळी ब्यूक, ऑटोमॅटिक गिअरची, मी पॉलाला देते. पॉलाच्या स्वतःच्या नव्या गाडीला गिअरबॉक्सचे तेल तपासायची सोयच नाही. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई, हल्ली ते कुणी तपासत नाही. सीलबंद असतं. आयुष्यभर पुरतं."

मी म्हटले, "कुणाच्या आयुष्यभर?"

तिने कॉफी हवी का म्हणून विचारले.

ब्यूकला सोय आहे, आणि ते काम दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी होते. ते कसे करायचे हे इथे लिहिते, कारण पॉला वडिलांकडून शिकली तेव्हा तिचे लक्ष दुसरीकडे होते. गाडी आधी नदीपर्यंत नेऊन परत आणायची, म्हणजे तेल तापते. मग सपाट जागेवर उभी करायची. इंजिन चालूच ठेवायचे. इंजिनचे तेल तपासताना ते बंद करतात, इथे उलटे. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि गिअरचा दांडा एकेका खुणेवर थोडा थांबवत शेवटपर्यंत न्यायचा, परत पार्कवर आणायचा आणि हँडब्रेक ओढायचा. दुसऱ्याने बॉनेटखालून डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची लांब पोलादी पट्टी, बाहेर काढायची, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढायची. तेल 'गरम'च्या दोन खुणांच्या मध्ये हवे. रंग लाल आणि आरपार दिसणारा हवा. वास करपलेल्या टोस्टसारखा नको. कमी असेल तर त्याच नळीतून थोडे थोडे घालायचे. जास्त झालेले तेल काढणे हे घालण्यापेक्षा फार कटकटीचे असते.

यातली अवघड गोष्ट एकच, सपाट जागा. आमची गल्ली इतकी चढाची आहे की टपालवालासुद्धा अर्ध्यावर श्वास घ्यायला थांबतो. अख्ख्या गल्लीत एका गाडीपुरती सपाट जागा आहे आणि ती आमच्या शेजारी, श्री. कार्माइन पेत्रेला यांच्या दारासमोर आहे. रस्ता शहराचा, कोणाच्याही मालकीचा नाही. पण या शहरात जो आपल्या दारासमोर खुर्ची ठेवतो, जागा त्याची. पोलीससुद्धा खुर्ची हलवत नाहीत. कार्माइनने तिथे स्वयंपाकघरातली एक पिवळी खुर्ची ठेवली होती, कारण त्याची बायको रोझालिया कमरेने अधू होती आणि तिला चढावर गाडीतून उतरता येत नसे.

पॉला लहान होती तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी अँडीने ती खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली आणि आमची गाडी तिथे लावून तेल तपासले. कार्माइन आपल्या बेकरीतून परत आला, गाडीत रोझालिया.

"माझी खुर्ची हलवलीस?"

"दहा मिनिटांसाठी रे. तेल बघायचं होतं."

"दहा मिनिटं काय नि दहा वर्षं काय. माझी बायको गाडीत बसलीय, अँडी. तिला काय खांद्यावर घेऊन चढू?"

"सांगितलं असतंस तर काढली असती गाडी."

"खुर्ची कशासाठी असते मग? ती सांगतच होती की!"

कार्माइनचे बरोबर होते. अँडीलाही ते कळत होते, म्हणून तर तो जास्त चिडला. त्यानंतर दोघे बोलेनासे झाले. पॉला त्या भांडणातच मोठी झाली आणि कार्माइनच्या ओट्यावरून जाताना मान वळवायला शिकली. अँडी चढावरच तेल तपासू लागला, चाकांना विटा लावून. अख्ख्या साउथ साइडच्या गाड्यांची ट्रान्समिशनं दुरुस्त करणारा माणूस, स्वतःच्या गाडीचे तेल तिरक्या जागेवर मोजत होता आणि अंदाजाने हिशेब लावत होता.

बरीच वर्षे तो अंदाज जमला. त्या काळात रोझालिया गेली, खुर्ची मात्र तिथेच राहिली. मग एका शनिवारी चुकला. पट्टीवर तेल कमी दिसले म्हणून त्याने ओतले, आणखी ओतले. तेल फेसाळले आणि उतू जाऊन तापल्या सायलेन्सरवर पडले. गल्लीभर धूर झाला. ओट्यावरून कार्माइन हसत सुटला. हसता हसता त्याला खोकला लागला आणि मग अँडीही हसला. बोलले मात्र कोणीच नाही. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी बघते तर पिवळी खुर्ची फुटपाथवर, भिंतीला टेकून ठेवलेली. जागा रिकामी. कार्माइन ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होता, म्हणजे तोंडापुढे धरून बसला होता.

तेव्हापासून दर पहिल्या शनिवारी खुर्ची बाजूला होत असे. पॉला तेव्हा कोलंबसला राहायला गेली होती. यातले तिने काहीच पाहिले नाही.

अँडीच्या घशाला किरणांचे उपचार दिले, तेव्हा त्याला वास येईनासा झाला. घरात ते आमच्या लक्षातही आले नव्हते. पट्टी काढल्यावर आले. त्याने ती नाकाशी नेली, परत नेली, हे त्याने मला नंतर सांगितले. मी आत ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. वर बॉनेट उघडलेले, त्यामुळे दारातून वाकले तरी मला फक्त त्याचे बूट दिसत होते. मग त्या बुटांशेजारी कार्माइनच्या सपाता येऊन थांबल्या.

"दे इकडे," कार्माइन म्हणाला. तो जन्मभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, करपण्याचा वास त्याच्याइतका कोणाला कळणार? त्याने वास घेतला, तेल बोटांत चोळून बघितले. "पाव ताजा आहे. काही करपलं नाही."

"नक्की?"

"अँडी, वासाबद्दल मी कधी खोटं बोललो नाही. वजनाबद्दल बोललो असेन."

इतक्या वर्षांनंतरचे हे त्यांचे पहिले बोलणे. ते मी बॉनेटच्या या बाजूला बसून ऐकले. शेवटचे वर्षभर अँडी पट्टी काढायचा आणि कार्माइन वास घ्यायचा. अँडीला बॉनेटवर वाकवेना, तेव्हा दोन्ही कामे कार्माइनने केली. अँडी पायरीवर घोंगडी पांघरून बसायचा आणि त्याला चुका सांगायचा.

अँडी फेब्रुवारीत गेला. पॉला, आता लक्ष देऊन ऐक.

दफनाच्या दिवशी गुडघाभर बर्फ होते. कार्माइन चर्चमध्ये आला नाही, स्मशानातही आला नाही. परत येताना गाडी तू चालवत होतीस. मी शेजारी डोळे मिटून बसले होते. आपण वळलो, मी डोळे उघडले, तर सपाट जागेवरचे बर्फ उपसून साफ केलेले, मधोमध पिवळी खुर्ची, आणि शेजारी कार्माइन वाकलेला, एका हातात फावडे. तू रस्त्यातच गाडी थांबवलीस आणि उतरलीस.

"आजसुद्धा? माझ्या बाबांना आत्ता पुरून आलो, आणि आजसुद्धा तुमची खुर्ची? जरा तरी लाज वाटू द्या!"

तू ती खुर्ची उचलून टेकडी उतरणाऱ्या सार्वजनिक पायऱ्यांवरून खाली फेकलीस. ती पार खालच्या गल्लीत जाऊन पडली आणि तिचा एक पाय मोडला. कार्माइनने टोपी काढली. तू गाडी टेकडीखाली नेऊन लावलीस आणि मला हात धरून बर्फातून वर आणलेस. आजही भेटायला येतेस तेव्हा गाडी तिथेच खाली लावतेस. वर येताना कार्माइनच्या ओट्यासमोर रस्ता ओलांडतेस. मी खिडकीतून बघत असते.

दुसऱ्या दिवशी मी अक्रोडाचा रोल घेऊन त्याच्याकडे गेले. भांडायलाच गेले होते. खुर्ची टेबलावर उलटी पडली होती आणि तो मोडलेल्या पायाच्या जागी झाडूचा दांडा बसवत होता.

मी म्हटले, "कार्माइन, काल तुम्ही यायला हवं होतं."

तो म्हणाला, "कसा येऊ? पहाटे जागा उपसली. पाठ फिरवली असती तर कुणीतरी गाडी घुसवली असती. खुर्ची असली तरी अशा दिवसात परगावच्या पाहुण्यांचा भरवसा नाही. म्हटलं, अँडीची बायको दमून येणार, तिला चढावर उतरायला लावायचं नाही. रोझालियाचे हाल मी बघितलेत."

खुर्ची आपल्यासाठी होती, पॉला. तू वळलीस तेव्हा तो ती उचलायलाच वाकला होता. आपल्या गल्लीत वाढलेल्या कोणालाही वाटले असते तेच तुला वाटले. खुर्ची म्हणजे 'इथे येऊ नका', एवढेच आपल्याला माहीत. कुणी दुसऱ्यासाठी खुर्ची ठेवील, हे कोणाच्या डोक्यात येणार?

मी तेव्हाच तुला फोन करायला निघाले होते. त्याने अडवले. म्हणाला, "सांगू नकोस तिला. बाप गेलाय तिचा. तिला कुणावर तरी रागवायचंय. देवावर रागावली तर त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? माझ्यावर रागावू दे. मी निदान शेजारी राहतो."

मी म्हटले, "आणि तिचा राग गेलाच नाही तर?"

"तर नाही. मी बेकर आहे, मला वाट बघता येते. पण तू सांगायचं नाहीस. जिवंत आहेस तोवर नाही. शब्द दे."

मी शब्द दिला आणि पाळला. हे लिखाण वाचले जाईल तेव्हा त्या शब्दाची मुदत संपलेली असेल. कार्माइनला मी हे आधी विचारलेले नाही. त्याने तक्रार केली तर लिरॉयने त्याला सांगावे की शब्दाचा मसुदा त्याचा स्वतःचाच होता.

तेव्हापासून दर पहिल्या शनिवारी मी आत बसते आणि तो बॉनेटखाली असतो.

"पाय ब्रेकवर आहे ना, आयरीन?"

"नाही, खिडकीबाहेर काढलाय."

"विचारलं आपलं. मागच्या खेपेला गाडी पोटाला लागली होती."

"गाडी जागेवरच होती. पोट पुढे आलं होतं."

मधे बॉनेट असले की माणूस पुष्कळ बोलतो. अँडीबद्दल, रोझालियाबद्दल, म्हातारपणाबद्दल जे मी कोणाशी बोलले नाही ते तिथे बोलले, कारण एकमेकांचे तोंड बघावे लागत नाही. गेली काही वर्षे कार्माइनला डोळ्यांनी कमी दिसते. पट्टीवरच्या खुणा त्याला दिसत नाहीत. मी हँडब्रेक ओढून उतरते आणि पातळी वाचते, तो वास घेतो. दोघे मिळून एक धड मेकॅनिक होतो.

त्याचा मुलगा अ‍ॅरिझोनात असतो आणि फोनवर सारखे विचारतो, "पपा, तिथे आता तुमचं आहे कोण?" कार्माइन म्हणतो, "शनिवार आहे पहिला, मग बोलू." इतकी वर्षे हे उत्तर चालले. मी गेल्यावर त्याच्याजवळ हे उत्तर राहणार नाही. मुलगा त्याला घेऊन जाईल आणि ज्याला आपल्या पायऱ्या पायांनी पाठ आहेत तो माणूस परक्या घरात भिंती चाचपत बसेल. मला झडपेची जितकी काळजी नाही तितकी याची आहे.

कलम ७. म्हणून ब्यूकची गिअरबॉक्सची पट्टी मी गाडीपासून वेगळी काढून श्री. कार्माइन पेत्रेला यांना देते. वकिलाने मला सांगितले, "बाई, गाडी एकाला आणि तिची डिपस्टिक दुसऱ्याला, असं कुणी करत नाही." मी विचारले, "कायद्याने चालत नाही का?" तो म्हणाला, "तसं नाही, चालतं. पण कशासाठी?" त्याच्या गाडीलाही पट्टी नसावी.

पट्टी राहील नळीतच, नाहीतर आत धूळ जाईल. पण मालकी कार्माइनची. त्याच्या हाताशिवाय ती बाहेर काढू नये. त्याला खुणा दिसत नाहीत आणि पॉला, तुला करपल्याचा वास धूर दिसेपर्यंत येत नाही, लहानपणापासून. त्याच्याशिवाय तुला जमणार नाही आणि तुझ्याशिवाय त्याला. कोलंबसहून इथे सकाळी निघून दुपारी पोचता येते. ही अट नाही. अट घातली तर तू ती पाळशील आणि मनातून रागावशील, तू माझीच मुलगी आहेस. ही विनंती आहे. एका पहिल्या शनिवारी ये. आत बस, ब्रेक दाब. मधे बॉनेट असेल, त्याच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही. काय बोलायचे ते तिथे सुचेल. नाही सुचले तर तेलाबद्दल विचार.

कलम ८. पिवळी खुर्ची, तीन पाय लोखंडी आणि एक झाडूच्या दांड्याचा, सध्या माझ्या मालकीची आहे. कार्माइनने स्वतःची गाडी विकली तेव्हा ती मला दिली, राहते मात्र त्याच्याच ओट्यावर. ती जिने मोडली तिला द्यावी. ती दुरुस्त करू नये, चांगली दुरुस्त झालेली आहे.

कलम ९. माझे दफन अँडीशेजारी करावे. जेवणात सूप असावे, भाषणे नसावीत. स्टीव्हने गाडी चालवू नये. आणि पॉला, स्मशानातून परत येशील तेव्हा सपाट जागेवर खुर्ची असेल, शेजारी एक म्हातारा उभा असेल. बर्फ असो, ऊन असो, तो असेल. मी त्याला तसे सांगितलेले नाही, सांगायची गरज नाही. उतरू नकोस. गाडी तिथेच थांबव आणि काच खाली कर. तो खुर्ची उचलेल. तेवढा वेळ दे त्याला, वाकायला त्याला आता वेळ लागतो. मग गाडी आत घे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि शुद्धीत व समाधानात त्याखाली सही करते.

आयरीन हुडाक (सही)

आम्ही खाली सही करणारे असे जाहीर करतो की श्रीमती हुडाक यांनी हे मृत्युपत्र आमच्यादेखत, आपल्या स्वयंपाकघरात, चष्मा दोनदा पुसून सही केले. या मृत्युपत्रातून आम्हाला काही मिळणार नाही. सहीनंतर कॉफी मिळाली, ती धरू नये. सही होत असताना श्री. पेत्रेला खोलीत नव्हते. आमच्या गाडीसाठी ते खाली जागा धरून उभे होते.

साक्षीदार:
१. डोरोथी व्हासिल्को, चर्चच्या स्वयंपाकघरातील सहकारी (सही)
२. रेमंड ओकॉन, टपालवाटप कर्मचारी, हार्लन स्ट्रीट (सही)

ठिकाण: पिट्सबर्ग, अ‍ॅलेगेनी काउंटी
तारीख: १ ऑक्टोबर २०१६, महिन्याचा पहिला शनिवार. तेल पाहिले, बरोबर आहे.